विदर्भातील खेड्यात राहून अकरावी-बारावीला भूगोल घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, यवतमाळ जिल्ह्यातील तुमच्या गावी शिकवणीची सोय नाही आणि भूगोल म्हणजे निव्वळ पाठांतर असे सगळे सांगतात, तर अकरावीला कला शाखेत हा विषय घ्यावा की नाही. मी विदर्भातच कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि माझे उत्तर असे आहे की विषय अवश्य घ्या, परंतु तो आपल्या शिवारावर आणि नकाशावर ताडून शिकण्याची तयारी ठेवा. दहावीपर्यंत राजधान्या, नद्या आणि पिके पाठ करून भागते. अकरावीपासून मात्र अमुक गोष्ट तेथेच का आहे याचे कारण द्यावे लागते, आणि अशी कारणे तुमच्या भागात पावलोपावली सापडतात.

बारावीच्या द्वितीयक आर्थिक क्रियांच्या, म्हणजे कच्च्या मालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांच्या, प्रकरणाचे उदाहरण घेतो. उद्योग विशिष्ट ठिकाणीच का उभे राहतात याचा पद्धतशीर विचार आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने 1909 मध्ये मांडला. ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत बरेच घटते, त्याचा कारखाना त्या मालाजवळ असणे परवडते, कारण पुढे वाया जाणाऱ्या वजनाचे भाडे कोणी उगाच भरत नाही. वेचलेल्या कापसातून वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. म्हणूनच वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या कापूसपट्ट्यात जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचे, कारखाने दिसतात. रुईचे सूत करताना मात्र वजन फारसे घटत नाही, त्यामुळे कापड गिरण्या कापसाच्या शेतांपासून दूर मुंबईतही उभ्या राहू शकल्या. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला नावाने ओळखली जाणारी अरुंद रेल्वे मुळात कापूस वाहून नेण्यासाठीच टाकली गेली होती, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे. आता चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांकडे पाहा. चुनखडी भाजताना तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन बरेच कमी होते, त्यामुळे कारखाना खाणीजवळच असावा लागतो. ही दोन उदाहरणे ज्याने नीट समजून घेतली, त्याला या प्रकरणावरचा कोणताही प्रश्न घाबरवू शकत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्राकृतिक भूगोलासाठीही दूर जाण्याची गरज नाही. पश्चिम विदर्भ बेसाल्ट खडकाचा असल्याने तेथे ओल धरून ठेवणारी काळी कापसाची जमीन आहे. नागपूरच्या पूर्वेला खडक बदलून जुने स्फटिकमय खडक लागतात, पाऊस वाढतो आणि भंडारा-गोंदियाकडे धानाची शेती व मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातील जुने सिंचन तलाव) दिसू लागतात. अकोला-अमरावतीतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे खारट भूजलाचा पट्टा, आहे, तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे बेसाल्टमध्ये उल्काघाताने तयार झालेले सरोवर आहे. लोकसंख्येचे प्रकरण वाचताना 2011 च्या जनगणनेतील दोन आकडे समोर ठेवा: नागपूर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला 470 आणि गडचिरोलीची 74. या फरकाची कारणे वन, उंचसखलपणा, दळणवळण आणि उद्योग या क्रमाने स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. पाठ्यपुस्तकातील उत्तर पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

शिकवणी नसल्याची उणीव सर्वांत जास्त भरून काढतो तो स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे एखाद्या भागाचा उंचसखलपणा, नाले, रस्ते व वस्त्या तपशिलाने दाखवणारा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर 1:50,000 प्रमाणाचे नकाशे विनामूल्य मिळतात, आणि त्यांवर जमिनीवरचा 1 किलोमीटर कागदावर 2 सेंटिमीटर असतो. तुमच्या गावाचा नकाशा छापून घ्या आणि तो हातात घेऊन शिवार फिरा. समोच्चता रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) जेथे दाटल्या आहेत तेथे चढ खरोखरच लागतो का, नाला कोणत्या बाजूला उतरतो, गावठाण नाल्यापासून किती उंचीवर वसले आहे, हे स्वतः पडताळा. वर्गात महिनाभर सांगूनही न कळणाऱ्या समोच्चता रेषा अशा एका फेरीत कळतात. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ 1802 मध्ये मद्रासजवळ करणारे विल्यम लॅम्बटन यांचे 1823 मध्ये याच मोजणीच्या कामावर असताना आपल्या हिंगणघाटात निधन झाले. ज्या नकाशांवर तुम्ही अभ्यास करणार आहात, त्यांचा इतिहास आपल्या मातीशी इतका जोडलेला आहे.

गुणांचे म्हणाल तर बारावीला लेखी परीक्षा 80 गुणांची आणि प्रात्यक्षिक 20 गुणांचे असते. प्रात्यक्षिक वही शेवटच्या महिन्यात उतरवून काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तुम्ही ती टाळा, कारण आलेख, टिंब पद्धतीचे व क्षेत्रघनी पद्धतीचे (कमी-अधिक प्रमाण छटांनी दाखवणारे) नकाशे हात बसल्याशिवाय जमत नाहीत. लेखी उत्तरात जेथे शक्य असेल तेथे नामनिर्देशित आकृती काढा. पुढे पदवीला हाच विषय ठेवता येतो, स्पर्धा परीक्षांतही तो उपयोगी पडतो, आणि संगणकावर नकाशे तयार करण्याच्या क्षेत्रात जायचे असेल तर पाया येथेच घातला जातो.

पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, त्यामुळे प्रवेशाआधीच अकरावीची पहिली दोन प्रकरणे वाचून पाहा. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी मात्र ज्या महाविद्यालयात जाणार आहात तेथे प्रत्यक्ष जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: भूगोलाचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का, आणि प्रात्यक्षिकाचे तास वर्षभर नियमित होतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर थोडा प्रवास करावा लागला तरी तालुक्यातील दुसरे महाविद्यालय पाहणे मला अधिक योग्य वाटते.