अंधाराने गिळलेली मशाल

प्रश्न : आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं वठवण्याचा खेळ 2014 च्या नियमांनी खेळतो. परवा एका ड्राउने (पाताळातल्या एल्फने) 'डार्कनेस' हा जादूच्या अंधाराचा गोळा करणारा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला. क्लेरिकच्या (पुजारी-पात्राच्या) ढालीवरचा 'लाइट' हा उजेडाचा स्पेल गेला, ते ठीक. पण 50 सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड खर्चून केलेली माझी 'कंटिन्युअल फ्लेम'ची (जादूच्या कायमच्या ज्योतीची) मशालही डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, कायमची विझवली. ती तर गोळ्याच्या बाहेर होती! हा अन्याय नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डीएम बरोबर आहे, राग माझ्यावर काढा. डार्कनेसचा गोळा 15 फूट त्रिज्येचा. दुसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या (ताकदीच्या पायरीच्या) स्पेलच्या उजेडाला तो नुसता शिवला, तरी तो स्पेलच मोडतो. मशालीचा उजेड, अंधुक धरून, 40 फूट जातो. त्याची कड लागली की खेळ खलास. दहा मिनिटांनी अंधार सरेल, मशाल परत पेटणार नाही.

पुढच्या वेळी 'कंटिन्युअल फ्लेम' तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (स्पेल टाकताना खर्च होणाऱ्या जादूच्या वाट्याने) करा. मग तो मोडत नाही, आणि अंधारातही उजेड पाडतो. डार्कनेस अडवतो तो बिनजादूचा उजेड. 'डेलाइट' हा लख्ख उजेडाचा स्पेल असेल तर आणखी उत्तम, तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा अंधार तोच मोडून टाकतो.

खरी मारामारी पुढे आहे. आमच्या टेबलावर सातव्या लेव्हलच्या (ही लेव्हल पात्राची) वॉरलॉकने, म्हणजे कराराने जादू मिळवलेल्या पात्राने, चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने डार्कनेस टाकला. डेलाइटला तो मोडवेना. अंधाराची उजेड मोडण्याची मर्यादा मात्र दुसऱ्या लेव्हललाच अडकलेली, स्लॉट कितीही मोठा असो. दोन्ही स्पेल जिवंत! अर्धा तास वाद, पोहे गार. मी शेवटी उजेडाच्या बाजूने निकाल दिला, कारण डेलाइट जादूचाच. वॉरलॉक दोन शनिवार माझ्याशी नीट बोलला नाही.

आणि हो, अंधार एखाद्या वस्तूवर टाकलेला असेल, तर स्लॉट कशाला जाळता? ती वस्तू अपारदर्शक कशानेही पूर्ण झाका. पुस्तकात उदाहरणच वाडगा नाहीतर शिरस्त्राण असं आहे. आमच्या 'रोग'ने (Rogue, चोर-पात्राने) एकदा मंतरलेल्या नाण्यावर वाडगा पालथा घातला. मीही टेबलावर आमटीची वाटी पालथी केली. ती रिकामी नव्हती, हे नकाशावर पसरलेल्या आमटीवरून कळलं.