तुझा फोन लागला नाही तर?

अरे,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेल सकाळी चहाबरोबर वाचला. तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, करायची, बजेट पंचवीस हजार, आणि तुझा प्रश्न: "ताई, साइटच्या रूपाचा तयार साचा, म्हणजे साठेक डॉलरची रेडीमेड थीम घेऊन आठवड्यात मोकळा होऊ, की दीड महिना घालून स्वतः लिहून कस्टम करू? रेडीमेड लावणं म्हणजे क्लायंटला फसवल्यासारखं वाटतं." खाली तक्ता: खर्च, वेळ, वेग, सुरक्षा, एसईओ (गुगलवर साइट सापडणं). तक्ता मन लावून केलायस. फक्त त्यात वाचनालय कुठे दिसत नाही.

नव्या पुस्तकांची यादी दर महिन्याला कोण चढवणार? ग्रंथपालबाई की तू? तू चढवणार असशील, तर तुझा फोन लागला नाही त्या महिन्यात काय होणार? हा रकाना तेवढा राहिला, आणि मला विचारशील तर बाकीचे पाच नसते तरी चाललं असतं.

रागावू नकोस. मलाही हे सुचायला फार वर्षं लागली.

२०१२ साली मी एका पतसंस्थेची साइट केली. थीमची ओळन् ओळ माझी. रेडीमेड लावणाऱ्यांना आम्ही तेव्हा नाकं मुरडायचो. ठेवींचे व्याजदर बदलले की व्यवस्थापक मला फोन करायचे, कारण दर मी थेट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे थीमच्या कोडमध्येच, लिहून ठेवले होते. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, यात एक सुख असतं. बरीच वर्षं असं चाललं. मग एका सप्टेंबरात, वार्षिक सभेच्या तोंडावर, होस्टिंगवाल्याने सर्व्हर पीएचपी ८ वर, वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्या नव्या आवृत्तीवर, नेला. माझ्या थीममध्ये विजेट (पानावरच्या छोट्या चौकटी) नोंदवायला 'क्रिएट_फंक्शन' हे पीएचपीचं जुनं फंक्शन वापरलेलं. त्या काळी बहुतेकांच्या कोडमध्ये ते सापडायचं. ७.२ पासून ते टाळा म्हणून इशारा येत होता, ८.० मध्ये काढूनच टाकलं. साइट आडवी. अशा वेळी वर्डप्रेस ५.२ पासून प्रशासकाच्या पत्त्यावर मेल पाठवतं, आत शिरून दुरुस्ती करायची लिंक देतं. तशी मेल गेली होती. माझ्याच एका जुन्या पत्त्यावर, जो मी दोन वर्षं उघडला नव्हता. मी मिरजेला, आईच्या ऑपरेशनसाठी. फोन बंद. संध्याकाळी सुरू केला तर एकोणीस मिस्ड कॉल. सभासदांना अहवाल शेवटी झेरॉक्स काढून वाटले.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती.

मग रेडीमेडच बरी, असं म्हणशील तर थांब. तिथेही तोंड पोळलंय. डिसेंबर २०१४ मध्ये माझ्या एका क्लायंटच्या साइटवर मालवेअर शिरलं. विकत घेतलेल्या थीमबरोबर एक लोकप्रिय स्लायडर (फिरती चित्रं दाखवणारी जोड) आला होता. त्यातलं भोक स्लायडरवाल्यांनी कित्येक महिने आधीच बुजवलं होतं, पण थीमच्या पोटातून आलेल्या प्रतीला अपडेट थीमवाल्याच्याच हातून मिळायचं, आणि त्याने ते दिलं नव्हतं. साइटच्या डॅशबोर्डवर अपडेट बाकी असल्याचा लाल आकडा नाही, काही नाही. मी खुशीत, की काही बाकी नाही. तुझ्या तक्त्यातल्या 'सुरक्षा' रकान्यात रेडीमेडसमोर 'नियमित अपडेट' लिहिलंयस ना, तिथे कुणाचे अपडेट ते लिही. बाजारातल्या थीमचा सपोर्ट बहुधा सहा महिन्यांचा असतो. सातव्या महिन्यात बाई कुणाला विचारणार? तुला. आणि तुझा फोन लागला नाही तर?

फसवणुकीचं म्हणशील, तर रेडीमेड थीम लावणं ही फसवणूक नाही. एका साइटचं लायसन्स घेऊन पाच ठिकाणी लावणं, किंवा टेलिग्रामवरून फुकटची 'नल्ड' (लायसन्सचं कुलूप तोडलेली) प्रत उतरवून क्लायंटकडून पैसे घेणं, ही फसवणूक. पुढे बोलत नाही, तू तसा नाहीस.

आता वाचनालय. पुस्तकांची यादी थीममध्ये अजिबात ठेवू नकोस. 'पुस्तक' हा पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार) थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये नोंदवलास तर उद्या कुणी थीम बदलली की डॅशबोर्डवरून अख्खी यादी गायब. डेटाबेसमध्ये ती असते, पण ते बाईंना कोण सांगणार? त्यासाठी छोटं वेगळं प्लगइन (थीमवर न अवलंबणारी जोड) लिही, दोन दिवसांचं काम आहे. थीमसोबत येणाऱ्या, पानं जुळवायच्या बिल्डरपासूनही लांब राहा. त्यातले बरेचसे, एकदा काढले की, पानभर चौकोनी कंसांतल्या कोडचा कचरा सोडून जातात. वर्डप्रेसची स्वतःची डीफॉल्ट ब्लॉक थीम घे, तिची चाइल्ड थीम (तिच्यावर बेतलेली वेगळी थीम) कर, रंग-फॉन्ट त्यात बसव. मूळ थीमच्या फाइलींना हात लावायचा नाही. पहिल्याच अपडेटला सगळं पुसलं जातं. (हेही मी करून बसलेय, पण आज एवढ्या कबुल्या पुरे.) पंचवीस हजारांत दीड महिना राबणं म्हणजे वाचनालयाला देणगी झाली. द्यायची तर खुशाल दे, पावती घे.

कारागिरी दाखवायची खुमखुमी आहे ना? मग ती अक्षरांत दाखव. थीमचे डेमो देखणे दिसतात ते रोमन लिपीत. तिथल्या शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. तेच मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि 'वाचनालय' दातांत फटी पडल्यासारखं दिसतं. ते शून्य कर. ओळींमधलं अंतर वाढव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. थीमच्या फॉन्टमध्ये बहुतेकदा देवनागरी नसतेच, मग विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ज्याला जे सापडेल ते. मुक्तासारखा एखादा फॉन्ट स्वतः बसव. आणि साइटची भाषा मराठी निवड. काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे ठेवलेले असतात. पान मराठी आहे असं ब्राउझरला कळलं तरच ते उमटतात. कुणी थीमवाल्याने पानाच्या कोडच्या डोक्यात 'भाषा इंग्रजी' असं ठोकून ठेवलं असेल तर बाईंना हिंदी वळणाचा 'ल' दिसत राहील. बोलणार नाहीत, पण खटकेल.

तू म्हणशील, ताई स्वतः मात्र अजून कस्टम थीमच करतात. करते. सोडवत नाही. पण आता प्रशासकाचा मेल पत्ता पहिल्या दिवशी क्लायंटचा घालते, डोमेन-होस्टिंग त्यांच्या नावावर, आणि काय कुठे आहे त्याची दोन पानं छापून देते. एवढं केलं तर कस्टमला कुणी नावं ठेवू नयेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. ती पतसंस्था अर्थात गेली हातची. दुसऱ्या कुणी रेडीमेड थीमवर साइट उभी करून दिली. मुखपृष्ठावर सुटाबुटातले परदेशी एकमेकांचे हात हलवतायत, मोबाइलवर उघडेपर्यंत चहा निवतो. माझी याहून कितीतरी सरस होती, आजही शेजारी ठेवून दाखवीन. परवा उघडून पाहिली. व्याजदर याच महिन्याचे होते.

सोमवारी वाचनालयात जाणार आहेस ना? थीमचं कुणाकडे काढू नकोस. लॅपटॉपवर कोरं वर्डप्रेस टाकून ने, बाईंना पुढ्यात बसव आणि एका पुस्तकाची नोंद त्यांनाच करायला सांग. तू मागे हात बांधून उभा राहा. माउसला हात लावायचा नाही, जीव कितीही तुटला तरी. कुठे कुठे अडल्या ते मला रात्री लिही. पावणेदोनच्या आधी.

तुझी,
ताई