बाली ते लोंबोक : विमान की बोट?

पहिल्याच प्रवासात इंडोनेशियातील बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर विमानाने जावे की बोटीने, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिकिटाच्या दरात नसून तुमचा मुक्काम कोठे आहे यात आहे. लोंबोकचा विमानतळ बेटाच्या दक्षिणेकडील प्राया गावाजवळ असल्याने तेथील कुता किनाऱ्यावर राहणार असाल, तर पाऊण तासाचे उड्डाण सोयीचे ठरते. लोंबोकलगतच्या गिली बेटांवर मात्र विमानतळच नाही. तेथे बालीतील पादांग बाई बंदराहून सुटणारी वेगवान बोट थेट पोहोचवते.

नवखे प्रवासी दोन चुका हमखास करतात. उड्डाणाच्या पाऊण तासात विमानतळावरील दोन तास ते धरत नाहीत आणि परतीची बोट व मायदेशीचे विमान एकाच दिवशी ठेवतात. दुसरी चूक मीही केली आहे : दोन बेटांमधील सामुद्रधुनी खवळल्याने बोट रद्द झाली आणि सोलापूरहून नेलेली कडक भाकरी व शेंगाचटणी खात मी धक्क्यावर दुपार काढली. (चटणी पुरली, विमान गेले.) मध्ये एक रात्र मोकळी ठेवाच.

आपल्या सोलापूरच्या संभाजी तलावातील नौकाविहारावरून त्या समुद्राचा अंदाज बांधू नये. उलटीची गोळी बोट सुटण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी आणि मागील बाजूस बसावे, कारण लाटेवर आपटतो तो बोटीचा पुढचा भाग.