गावाच्या सामायिक डोंगरमाळावर गवत टिकवायचं, तर कायमची चराईबंदी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव पठारावर, लगतचा डोंगरमाळ सगळ्या गावाचा, तो जानेवारीतच उघडा पडतो. येत्या ग्रामसभेत कायमच्या चराईबंदीचा ठराव आणायचाय, शेळ्यावाले विरोधात आहेत. ठराव रेटावा का?

कायमची बंदी रेटू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात माळाला विश्रांती द्या, नंतर पाळीपाळीनं जनावरं चरायला सोडा, आणि विश्रांतीच्या महिन्यांत शेळ्या काय खाणार हे ठराव मांडायच्या आधी ठरवा. मी पारनेरकडच्या पठारावर शेती करतो, दारात गाई आहेत आणि शेळ्याही आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं मी घरातच ऐकत आलोय.

आधी गवताचं समजून घ्या. पवना, मारवेल, डोंगरी ही आपली चांगली गवतं बहुवर्षायू. उन्हाळ्यात वरून वाळलेली दिसतात, पण ठोंब जिवंत असतो. पहिल्या पावसाबरोबर जी कोवळी पाती फुटतात ती मुळांत साठवलेल्या अन्नावर. पाती मोठी झाली की ती मुळांना परतफेड करतात. नेमक्या त्याच तीन-चार आठवड्यांत जनावरानं पाती खुडली, पुन्हा फुटली, पुन्हा खुडली, की मुळं आखडत जातात. एकदा कुदळ घेऊन माळावर जा. रोज चरलेल्या जागेतला पवन्याचा एक ठोंब उपटा आणि एखाद्या काटेरी झुडपाच्या आडोशाला वाचलेला दुसरा. पहिला हातानं ओढला तरी मातीसकट निघतो, मुळं बोटभर. दुसऱ्याला खणावं लागतं. हे दोन ठोंब ग्रामसभेत समोर ठेवा, अर्धा तास भाषण करून जे पटत नाही ते तेवढ्यानं पटतं.

माळ बिघडत चालल्याचीही ठरलेली पायरी असते. आधी पवना-मारवेल विरळ होतो, कुसळी वाढते. कुसळी फुलोऱ्याआधी जनावर खातं, पण कुसळं धरली की ती मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात, तोंडात रुततात. पुढे टाकळा आणि रानतुळस, ज्यांना कोणी तोंड लावत नाही. शेवटी मुरूम. तुमच्या माळावर अजून कुठेकुठे पवन्याचे ठोंब दिसत असतील, तर बाहेरून बियाणं आणायच्या भानगडीत लगेच पडू नका. दोन पावसाळे विश्रांती मिळाली तर तेच पसरतात. अगदीच उघड्या मुरमावर स्टायलो या चाऱ्याच्या शेंगवर्गीय पिकाचं बी टाकायला हरकत नाही.

आता हिशेब, कारण भांडण बहुतेक वेळा अंदाजावर होतं. एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट करा. ऑक्टोबरमध्ये माळावर दहा-बारा वेगवेगळ्या जागी ती टाकून आतलं गवत कापा, वाळवा, घरच्या काट्यावर तोला आणि सरासरी काढा. चौकटीत 100 ग्रॅम वाळलेलं गवत म्हणजे हेक्टरी एक टन. त्यातलं निम्मं ठोंब आणि माती राखायला सोडायचंच. 300 किलोची गाय दिवसाला सात-साडेसात किलो कोरडा चारा खाते, 30 किलोची शेळी साधारण एक किलो. म्हणजे 50 हेक्टरच्या माळावर चौकटीत 100 ग्रॅम भरत असेल, तर वापरता येण्याजोगं गवत 25 टन, आणि ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत त्यावर तेरा-चौदा गाई निभतात. फक्त तेवढ्याच. तोच माळ 300 ग्रॅमवर आला की चाळीसेक. गावात जनावरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. हा आकडा फळ्यावर मांडला की शेळ्यावाल्यांकडे बोट दाखवणं आपोआप कमी होतं, कारण एक गाय सात शेळ्यांइतकं खाते, आणि दुभत्या गाई असलेला माणूस बहुधा शेतवालाच असतो.

हिवरे बाजारचं उदाहरण तुमच्या सभेत निघेलच. तिथल्या पंचसूत्रीत, म्हणजे गावानं पाळायच्या पाच नियमांत, चराईबंदी होती हे खरं, पण गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती हे लोक सांगायचं विसरतात. कापून आणलेलं गवत गाईच्या दावणीत चालतं. भूमिहीन माणसाच्या दहा शेळ्यांना दावण कुठली? आमच्याकडच्या सभेत एका म्हातारीनं उभं राहून विचारलं होतं, "पावसाळ्याचे चार महिने माझ्या शेळ्या तुमच्या दारात बांधू का?" सभा गप्प झाली. त्यावर जे ठरलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माळाचे चार भाग केले. पहिल्या वर्षी एकच बंद केला, तोही गावापासून सर्वांत लांबचा आणि उताराचा. बाकी तीन उघडे. बांधावरचं गवत कापायचा पहिला हक्क शेळ्यावाल्या घरांना दिला, शेतमालकानं अडवायचं नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांनी बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावायचं, फांद्यांचा वाटा द्यायचा. बंद भागातलं गवत कापायला खुलं झालं तेव्हा विळाही आधी याच घरांचा लागला. दुसऱ्या पावसाळ्यात बंद भाग आणि उघडा भाग यांतला फरक रस्त्यावरून दिसायला लागला, आणि दुसरा भाग बंद करा म्हणणाऱ्यांत ती म्हातारीही होती. पहिल्याच वर्षी चारही भाग बंद केले असते तर रात्री शेळ्या घुसल्या असत्या, राखणदाराशी मारामाऱ्या झाल्या असत्या, हे मला पक्कं वाटतं.

पाळी फिरवताना एक भाग वर्षभर पूर्ण बंद राहू द्या, म्हणजे बी धरून गळून पडेल. गवत कापायला सर्वांत चांगला काळ फुलोऱ्याचा, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. नंतर बी गळाल्यावर कापलं तर वजन भरतं, कस राहत नाही. म्हणून कापायचा भाग आणि बियांचा भाग वेगळे ठेवा. जनावरं पाण्याजवळच घोटाळतात आणि तिथली जमीन तुडवून टाकतात, त्यासाठी जनावरांनी चाटायच्या खनिज विटा पाण्यापासून लांब टांगा. साधी गोष्ट आहे, पण कळप पांगतो.

मेंढपाळांचं वेगळं बघा. वाड्यावरचे, म्हणजे मेंढ्यांच्या तळावरचे, धनगर दिवाळीच्या सुमारास पठार सोडून कोकणाकडे किंवा ओलिताच्या भागात उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला चिखल-पाऊस मानवत नाही. म्हणजे तुमच्या माळाला विश्रांती हवी असते तेव्हाच ते इथे असतात. त्यांना वगळून केलेला ठराव कागदावरच राहतो. त्यांच्या म्होरक्याला सभेला बोलवा. कोवळ्या गवतावर एकदम सोडलेल्या मेंढ्यांना आंत्रविषाराचा (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा) धोका असतो हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळे उशिरा माळ उघडण्यात त्यांचाही फायदा आहे. जायचा-यायचा रस्ता आणि पाण्याची जागा कायम मोकळी ठेवा. काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवायचे दर गावानं मिळून ठरवा, लेंडीखत शेताला, पैसे वाड्याला. मेंढपाळांसाठीच्या सरकारी महामेष योजनेत पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूद आहे, पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात त्याची चौकशी करून ठेवा.

ठराव लिहिण्याआधी तलाठ्याकडून सातबारे काढा. एकाच डोंगरावर गायरान, वनखात्याची हद्द आणि खाजगी पड अशा तीन जमिनी सहज निघतात. गायरान असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 22 आणि 23 बघा. राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, आणि चराईचा हक्क त्या गावाच्या जनावरांपुरता आहे. म्हणजे बाहेरच्या वाड्याला तिथे आपसूक हक्क नाही, गावानं समजुतीनं जागा द्यावी लागते. वनजमिनीवर मात्र 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, आणि त्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी वापरही स्पष्ट लिहिलाय. तिथे ग्रामसभेनं दावा दाखल करणं हाच पक्का मार्ग. गायरानावर अतिक्रमण असेल तर 2011 चा जगपाल सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूनं आहे, पण तो विषय चराईच्या ठरावात मिसळू नका, नाहीतर सभा त्यातच संपेल.

आणि वणवा. "जाळलं की गवत जोमानं येतं" म्हणणारे प्रत्येक गावात असतात. जाळल्यावर हिरवं लवकर दिसतं, पण मातीवरचं पाचोळ्याचं पांघरूण जातं आणि वळवाचा पहिला तडाखा माती घेऊन ओढ्यात उतरतो. राखलेल्या माळावर वाळलेलं गवत जास्त, म्हणून आगीची भीतीही जास्त. डिसेंबर संपायच्या आत बंद भागाभोवती जाळपट्टा काढा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून गवत कापून मोकळी पट्टी ठेवा. ते गवत कोणाला मिळणार, हेही त्याच ठरावात लिहून टाका.