इतिहासातील ऑनर्स पदवी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : उच्च माध्यमिक शिक्षण यंदा पूर्ण झाले असून इतिहासात ऑनर्स पदवी घ्यावी, असे माझ्या मनात आहे. मात्र साधी पदवी आणि ऑनर्स पदवी यांत नेमका फरक काय, हे कोणी नीट सांगत नाही. शिवाय माझे पाठांतर बेताचे आहे आणि सनावळ्या लक्षात राहत नाहीत. अशा विद्यार्थ्याने या वाटेला जावे का?

उत्तर : ऑनर्स या नावाखाली सगळीकडे एकच अभ्यासक्रम चालत नाही, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाची नियमावली स्वतः वाचणे आवश्यक आहे. स्कॉटलंडमध्ये साधी पदवी तीन वर्षांची, तर ऑनर्स पदवी चार वर्षांची असते. ऑस्ट्रेलियात साधारणपणे तीन वर्षांची पदवी पूर्ण झाल्यावर चौथे वर्ष स्वतंत्रपणे ऑनर्ससाठी द्यावे लागते आणि त्यातील मोठा वाटा प्रबंधाचा असतो. इंग्लंडमध्ये बहुतेक ऑनर्स पदव्या तीन वर्षांतच पूर्ण होतात. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या रचनेत ऑनर्स पदवी चार वर्षांची आणि किमान १६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असून, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय घेता येतो. वर्षांचा हिशेब असा निरनिराळा असला, तरी अपेक्षा बहुतेक ठिकाणी सारखी असते : थोड्या विषयांचा खोल अभ्यास, इतिहासलेखनाच्या पद्धतींची ओळख आणि जमल्यास अस्सल साधनांवर, म्हणजे त्या-त्या काळातील मूळ कागदपत्रांवर, आधारलेले स्वतःचे लेखन.

आता पाठांतराविषयी. शालेय परीक्षांमुळे इतिहास म्हणजे सनावळ्या, असा समज रुजला आहे आणि त्यामुळे अनेक चांगले विद्यार्थी या विषयापासून दूर राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिले महायुद्ध २८ जुलै १९१४ रोजी सुरू झाले, ही तारीख कोणत्याही संदर्भग्रंथात क्षणात सापडते. ऑनर्सच्या वर्गात तिच्याबद्दल कोणी गुण देत नाही. तेथे विचारले जाते ते असे, की या युद्धाची जबाबदारी कोणाची आणि ती ठरवायची कशाच्या आधारे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने २३१ व्या कलमात ती जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. पुढे अनेक अभ्यासकांनी ती सर्व महासत्तांमध्ये वाटून दिली. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मनीच्याच सरकारी कागदपत्रांच्या आधारे तेथील राज्यकर्त्यांच्या विस्ताराच्या उद्दिष्टांकडे पुन्हा बोट दाखवले आणि त्यावरून त्या देशात मोठा वाद उसळला. घटना तीच राहिली. बदलली ती वाचलेली कागदपत्रे आणि त्यांना विचारलेले प्रश्न. एका निष्कर्षावरून दुसऱ्या निष्कर्षावर इतिहासकार का आणि कसे गेले, हे समजून घेणे हाच इतिहासलेखनशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेचा गाभा असतो.

दुसरी सवय लावली जाते ती साधनांच्या परीक्षणाची. चौथ्या शतकातील रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग पोपच्या स्वाधीन केला, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात शतकानुशतके पुढे केले जात होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातील लॅटिन बारकाईने तपासली आणि त्यातले शब्दप्रयोग कॉन्स्टंटाइनच्या काळातले असूच शकत नाहीत, हे दाखवून दिले. तो मजकूर बनावट होता आणि बहुधा आठव्या शतकात रचला गेला होता, हे आज सर्वमान्य आहे. कागद कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्यातील मजकूर खरा मानायचा नाही, हा संस्कार तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याच्या अंगी मुरावा लागतो. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड फॉन रांके यांनी बर्लिन विद्यापीठात मोजक्या विद्यार्थ्यांना समोर बसवून मूळ कागद तपासण्याची जी पद्धत रूढ केली, तिचाच वारसा आजच्या चर्चासत्रांत दिसतो.

म्हणून पाठांतर बेताचे असणे ही अडचण मानू नका. वाचनाचा कंटाळा असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन, कारण दर आठवड्याला कित्येक प्रकरणे आणि लेख वाचून त्यांवर टिपणे काढावी लागतात, नियमित निबंध लिहावे लागतात आणि प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. स्वतःची पारख करण्यासाठी कोणत्याही एका घटनेवर परस्परांशी असहमत असलेल्या दोन इतिहासकारांचे लेखन शेजारी ठेवून वाचून पाहावे. त्यांच्यातील मतभेद कशामुळे आहे, हे शोधण्याची ओढ लागली, तर हा विषय तुमचा आहे.

प्रश्न : मी ऑनर्सच्या अखेरच्या वर्षाला आहे. ‘१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि समाज’ हा विषय मी प्रबंधासाठी सुचवला. परंतु तो फार मोठा आहे, असे सांगून मार्गदर्शकांनी तो परत केला. विषय लहान केला, तर त्याचे महत्त्वही कमी होईल, अशी भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे. ऑनर्सचा प्रबंध बहुधा १०,००० ते २०,००० शब्दांचा असतो आणि तुम्ही निवडलेल्या साथीत जगभर मेलेल्यांचे अंदाजच दोन कोटींपासून पाच कोटींपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. एवढ्या शब्दांत एवढी मोठी घटना मांडू पाहणाऱ्याला इतरांच्या ग्रंथांचा गोषवारा देण्यापलीकडे काही करता येत नाही. शिवाय तुम्ही सुचवलेल्या शीर्षकात क्षेत्र आहे, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा, की ज्याचे उत्तर आज तुम्हाला ठाऊक नाही आणि जे तुमच्या आवाक्यातील साधनांतून मिळण्याची शक्यता आहे.

माझा आग्रह असा, की आधी साधने पाहावीत आणि मग प्रश्न ठरवावा. तुमच्याच विषयात पाहा. युद्धात उतरलेल्या देशांमध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध होते, तर तटस्थ स्पेनमध्ये साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या जात होत्या. साथ तेथे सुरू झाल्याचा पुरावा नसतानाही तिला स्पेनचे नाव चिकटले, ते मुख्यतः यामुळेच. या एका गोष्टीतून प्रबंधाचा प्रश्न उभा राहू शकतो. १९१८ च्या शरद ऋतूतील जी लाट सर्वांत प्राणघातक ठरली, तिच्याविषयी युद्धात गुंतलेल्या देशातील एखाद्या शहराच्या दोन दैनिकांनी काय छापले, काय छापले नाही आणि त्याच आठवड्यांतील नगरपालिकेच्या मृत्युनोंदींशी ते कितपत जुळते, एवढाच प्रश्न घेतला, तरी शासन, वृत्तपत्रे, सार्वजनिक आरोग्य आणि लोकांचा विश्वास असे सगळे मोठे विषय त्यात आपोआप येतात. विषयाचे महत्त्व त्याच्या विस्तारावर अवलंबून नसते, ही गोष्ट एकदा पटली, की तुमची भीती मावळेल.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. मृत्युनोंदींतील आकडे पाहून हुरळून जाऊ नये. इन्फ्लुएंझाने दगावलेल्या अनेकांचे कारण न्यूमोनिया म्हणून लिहिले गेले, वैद्यापर्यंत न पोहोचलेल्यांच्या मृत्यूचे कारण अंदाजानेच नोंदले गेले आणि साथीच्या ऐन भरात नोंदी ठेवणारे कर्मचारीही आजारी पडत होते. दुसरे म्हणजे, एखादी बातमी दैनिकात आढळली नाही, म्हणजे ती दडपलीच गेली, असा निष्कर्ष लगेच काढू नये. ते निर्बंधामुळे घडले असेल, संपादकाच्या निवडीमुळे घडले असेल किंवा बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसेल. यांपैकी नेमके काय झाले, हे सांगणारा स्वतंत्र पुरावा शोधावा आणि तो मिळाला नाही, तर तसे प्रबंधात स्पष्ट लिहावे. परीक्षक अशा कबुलीचे गुण कापत नाहीत. उलट पुराव्याच्या मर्यादा ओळखणारा विद्यार्थी त्यांना विश्वासार्ह वाटतो.

विषय नक्की करण्यापूर्वी अभिलेखागारात प्रत्यक्ष जाऊन सूची पाहावी, हवी ती दफ्तरे अभ्यासकांना खुली आहेत का याची चौकशी करावी आणि त्यांची भाषा व लिपी आपल्याला वाचता येते का, हे तपासावे. मुघल दरबाराचा अभ्यास फार्सीवाचून, मराठेशाहीतील दफ्तरांचा मोडीवाचून किंवा मध्ययुगीन युरोपातील चर्चचा लॅटिनवाचून अस्सल साधनांवर उभा राहत नाही आणि अखेरच्या वर्षात यांपैकी काहीही नव्याने शिकण्याइतका वेळ उरत नाही. पहिल्या वर्षात असलेल्या वाचकांनी हे वाचून आजच एखादी भाषा किंवा लिपी शिकायला घ्यावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

टिपणे काढताना दफ्तराचा क्रमांक, पान आणि तारीख त्याच क्षणी लिहावी, तसेच उतारा कोणता आणि स्वतःचे मत कोणते, हे वेगळे दिसेल अशी व्यवस्था ठेवावी. नाहीतर शेवटच्या महिन्यात तळटीपा जुळवताना विनाकारण हाल होतात आणि अनवधानाने दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर जाण्याचा धोका राहतो.

प्रश्न : माझी मुलगी इतिहासात ऑनर्स करण्याचा हट्ट धरून बसली आहे. तिची हुशारी पाहता दुसऱ्या कोणत्याही शाखेत तिचे भले होईल, असे आम्हाला वाटते. या पदवीवर पोट भरता येते का?

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकतो आणि म्हणूनच कोणतीही भलावण न करता लिहितो. इतिहासाची पदवी वैद्यक किंवा अभियांत्रिकीप्रमाणे थेट एका व्यवसायाशी जोडलेली नाही. विद्यापीठात शिकवायचे असेल, तर पदव्युत्तर शिक्षण आणि बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते, त्यात अनेक वर्षे जातात आणि त्यानंतरही जागा थोड्याच असतात. संग्रहालये आणि अभिलेखागारे यांतील कामासाठी पदवीनंतर बहुधा त्या-त्या शास्त्राचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. कायदा, पत्रकारिता, प्रकाशन, प्रशासकीय सेवा आणि धोरणविषयक संशोधन या क्षेत्रांत मात्र इतिहासाचे अनेक पदवीधर जातात, कारण ढीगभर कागदांतून कामाचे तेवढे वेचणे, परस्परविरोधी साक्षी तोलणे आणि निष्कर्ष स्वच्छ भाषेत मांडणे ही तेथील रोजची गरज असते.

मुलीशी बोलताना तिचा हट्ट मोडण्याऐवजी ऑनर्ससोबत ती आणखी काय शिकणार आहे, हे विचारावे. संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख, एखादी परकी भाषा किंवा सुट्टीत संग्रहालयात केलेली उमेदवारी यांपैकी एकाची जोड मिळाली, तरी तिच्यापुढचे पर्याय वाढतात. ज्या विद्यापीठात तिला प्रवेश घ्यायचा आहे, तेथे प्रबंधासाठी मार्गदर्शक प्रत्येकाला मिळतो का, ग्रंथालयात नियतकालिके येतात का आणि मागील तुकड्यांतील विद्यार्थी पुढे कोठे गेले, हे तिघांनी मिळून विभागात जाऊन विचारावे आणि त्यानंतरच अर्ज भरावा.