शिवी खोडली, आणि पाठीमागचं चित्र फाटलं

सोयाबीनची कापणी आटोपली की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर गर्दी वाढते. तोवर ताप असो की काळजी, माणसं शेत सोडून येत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींशी बोलणं हे माझं काम. हा अनुभव घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अडाण नदीकाठच्या एका गावातून ती आई आली होती. सोबत तेरा वर्षांचा मुलगा, त्याच्या मागे अकरा वर्षांची बहीण. आईनं युरियाच्या पिशवीतून एक मासिक काढलं आणि टेबलावर ठेवलं. जुन्या मोटरसायकलींचा छंद असणाऱ्यांसाठी मराठीत निघणारं, गावच्या वाचनालयातलं. तिनं एक पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान दुसरीकडे वळवली. ओळ मला वाचताच आली नाही. बॉलपेननं इतकी गिरवली होती की कागद फाटला होता.

"वाचू नका मॅडम, लय घान हाय थे," ती म्हणाली. "पुस्तकात छापून येते आता हे. आन् थेच शिवी यानं मले देल्ली. मले, माह्या पोरानं. हातचं गेलं हो पोरगं."

हा प्रश्न मला अनेक आईवडील विचारतात. कधी मासिक असतं, कधी मोबाइलवरचा व्हिडिओ. छापलेली शिवी वाचून आमचं पोर बिघडेल का? या मुलाच्या बाबतीत बिघाड घरभर झाला होता. शिवी ऐकून बापानं पट्ट्यानं मारलं होतं. मुलगा आठ दिवस घरात कुणाशी बोलत नव्हता आणि जेवण ताटात तसंच टाकून उठत होता.

मी आईला बाहेर बसवलं. मुलगा खुर्चीच्या कडेवर टेकला, नजर जमिनीवर. शिवीचं नावही मी काढलं नाही. फाटलेलं पान उलटवलं. मागच्या बाजूला कार्बोरेटरचं, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, आतलं दाखवणारं चित्र होतं, आणि त्यातला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नेमका फाटून गेला होता.

"इथं काय होतं रे?"

आठ दिवसांची गप्प बसण्याची हिंमत त्या एका प्रश्नावर सुटली. त्यानं माझ्या हातातला पेन घेतला आणि केसपेपरच्या पाठीवर काढायला लागला. हा फ्लोट, ही त्याची सुई, हा मेन जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक पितळी भोक, हा पायलट जेट. आजोबांची राजदूत मोटरसायकल कोठ्यात कडब्याखाली उभी आहे, ती त्याला चालू करायची आहे. "जेट वायरनं साफ नाही कराचं, मॅडम. पितळ नरम रायते, भोक मोठं होते. मंग पेट्रोल जास्त जाते." पेट्रोलात ऑइल किती मिसळायचं, तेही त्यानं मला समजावलं. फ्लोटची उंची किती ठेवायची ते त्या चित्रात होतं. तो कोठ्यात पान पाहायला आला, तेव्हा तिथं भोक होतं.

म्हणजे शिवी वाचून त्यानं शिवी दिली नव्हती. चित्र फाटल्यावर दिली होती. आईला हे माहीतच नव्हतं. ओळ खोडताना तिनं पान उलटून पाहिलं नव्हतं.

इथेच थांबून "बघा, मासिकाचा दोष नव्हता" असं म्हणणं सोपं होतं. मला ते पटलं नाही. मी त्याला विचारलं, हा शब्द तुला आधी ठाऊक नव्हता का?

"थो तं मले पयलीपासून येते. बाबा रोजच देतेत, बैलाईले."

"मग मासिकात वाचून काय वाटलं?"

त्यानं जरा वेळ घेतला. "लिवनारा माणूस खरा मिस्त्री वाटला."

या एका वाक्यासाठी मी हा अनुभव लिहिते आहे. शिवी मुलांच्या कानाला नवी नसते. बसस्टँडवर, पाणपोईवर, रब्बीच्या पेरणीत, होळीच्या बोंबेत ती त्यांना भेटतच असते. पण छंदाचं मासिक हे मुलासाठी उस्ताद असतं. गावात त्याला जेट म्हणजे काय ते सांगणारं दुसरं कुणी नाही. त्या पानावर जसं बोललं जातं, तसं या विद्येतली माणसं बोलतात, असं तो धरून चालतो. रिंगपाना कसा धरायचा हे शिकता शिकता, हाताखालच्या पोराशी कसं बोलायचं हेही तो शिकतो.

लेखातला प्रसंग त्यानंच सांगितला. शिकाऊ पोराच्या हातून सुई नालीत पडते, मिस्त्री त्याला आईवरून शिवी देतो, सगळे हसतात. लेखकानं ती गंमत म्हणून लिहिली होती.

मग मी बहिणीला आत बोलावलं. पूर्वी ती भावासोबत हेच मासिक वाचायची, कोठ्यात त्याला टॉर्च धरायची. गेल्या दोन अंकांपासून तिनं सोडलं होतं. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. का सोडलंस, असं विचारलं तर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "थे पोराईसाठी हाय." आणि थोड्या वेळानं, भावाकडे न बघता, "सुई तं पोरानं पाडली. शिवी त्याच्या मायले काहून?"

मी बरीच वर्षं हे काम करते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावाकडेही नव्हतं. पण तो पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघत होता.

आपल्या भाषेतल्या जड शिव्या बहुतेक आईवर किंवा बहिणीवर जाऊन पडतात. चूक करणारा समोर उभा असतो आणि मार घरी बसलेल्या बाईला बसतो. 'च्यायला'सुद्धा मूळची तिथलीच, वापरून वापरून तिची धार गेली एवढंच. मुलगा अशी ओळ वाचतो तेव्हा त्याला मोठ्या माणसांत बसल्यासारखं वाटतं. मुलगी वाचते तेव्हा तिला कळतं की या बैठकीत आपली जागा नाही. ती तक्रार करत नाही. टॉर्च खाली ठेवते आणि निघून जाते. बिघडण्याची काळजी करणारे आईवडील माझ्याकडे येतात. निघून गेलेल्या मुलीसाठी आजवर कुणी आलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत वडील आले. त्यांना मासिकावर केस करायची होती. मी त्यांना सांगितलं, भाऊ, कोवळ्या वयाच्या वाचकांना बिघडवणाऱ्या छापील मजकुरावर 1956 चा कायदा आहे, त्यात वीस वर्षांखालच्यांचा विचार केलाय. पण त्याचा रोख गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाणे प्रसंग रंगवणाऱ्या चित्रकथांवर आहे. तुमच्या घरातली गोष्ट त्या रस्त्यानं सुटणार नाही. मग बैलांचा विषय काढला. ते हसले. "बैलाले काय समजते, मॅडम?" मी म्हटलं, बैलाला नाही समजत, औतामागून चालणाऱ्या पोराला समजतं. त्यांचं हसू गेलं. पट्ट्याबद्दलही बोललो, ते बोलणं लांबलं, ते त्यांच्यापाशीच राहू दे.

आईनं विचारलं, शास्त्र काय म्हणते? 2011 साली अमेरिकेतल्या एका बालरोगविषयक नियतकालिकात 223 शाळकरी मुलांचा अभ्यास आला होता. टीव्ही आणि गेममध्ये जास्त शिव्या ऐकणारी मुलं शिव्यांना जास्त चालवून घेत होती, स्वतःही जास्त देत होती, आणि त्याचा धागा आक्रमकपणापर्यंत जात होता. यावरून एकानं दुसरं घडलं असं ठरत नाही, संबंध दिसतो इतकंच. हेही मी तिला सांगितलं, कारण घाबरवून कुणाचं भलं होत नाही. इंग्लंडमधले दुसरे प्रयोग मला जास्त कामाचे वाटतात. 2009 मध्ये तिथं लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला सांगितलं, तर शिवी देणारे जास्त वेळ टिकले. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांच्या तोंडी दिवसभर शिव्या असतात त्यांना तो आधार कमी मिळाला. पान्याखाली बोट चेंगरल्यावर तोंडातून निघालेल्या शब्दाला मी शिक्षा करायला सांगणार नाही. शिकणाऱ्या पोराच्या आईवरून हसत दिलेली शिवी निराळी, आणि ती छापून दहा हजार पोरांपुढे ठेवणं त्याहून निराळं.

मला भाषा धुवून इस्त्री करून हवी आहे असं कुणी समजू नये. वऱ्हाडी बोलली म्हणून आमची मुलं पुण्यात वसतिगृहात हसू झेलतात, ते मी रोज ऐकते. आमच्या आज्या नातवाला "मुडद्या" म्हणून जवळ ओढतात, त्यात मायाच असते. याच मातीत गाडगेबाबांनी वऱ्हाडीत कीर्तनं केली. दारू, कर्ज, देवापुढे बोकड कापणं यावर ते गावाला सडकून बोलत. त्यांचा फटका ऐकणाऱ्याच्या वागण्यावर बसे. खरखरीत बोली आणि घाण बोली एक नव्हे, एवढं संपादकांना कळायला हवं.

बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं, ते कुणाच्या हातात जाणार हे छापणाऱ्याला ठाऊक असतं. छंदाच्या मासिकाचं तसं नसतं. लेखकाच्या डोळ्यांसमोर पंचेचाळिशीचा बुलेटवाला असतो, आणि मुखपृष्ठावर गाडी दिसली म्हणून ग्रंथपालभाऊ अंक मुलांच्या फळीवर ठेवतात. त्याच अंकात अनवाणी, बिनहेल्मेट एक पोरगं गाडीवर बसलेला फोटो होता. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं लागतात, आणि 2019 पासून अल्पवयीनानं चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आहे. त्या फोटोवर कुणी बॉलपेन चालवलं नव्हतं.

काही संपादक शिवीच्या जागी फुल्या घालतात. त्यानं काही साधत नाही, पोरं फुल्या आधी वाचतात. 'मिस्त्रीनं त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली' असं लिहिलं असतं तर प्रसंग तितकाच रंगला असता. आपल्या मराठीत शिव्यांची लाखोली वाहता येते आणि एकही शिवी छापावी लागत नाही.

आईला मी एकच काम दिलं. पुढच्या वेळी खटकलेली ओळ मुलासोबत बसून वाचायची, पेन न घेता. ती म्हणाली, लाज वाटते. मी म्हटलं, ताई, वाटू द्या. तुम्हाला लाज का वाटते, तेच त्याला कळायला हवं.

मासिकाला पत्र लिहायचं बहिणीनं सुचवलं. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर वरच्या अर्ध्यात भावानं फाटलेल्या चित्राची प्रत मागितली, खालच्या अर्ध्यात तिनं तिचा प्रश्न लिहिला, माझ्यासमोर बोलली होती त्याच शब्दांत. महिन्यानं चित्राची झेरॉक्स आली. प्रश्नाला उत्तर आलं नाही. पुढच्या अंकात एका लेखात पुन्हा तसाच शब्द होता, दुसऱ्या तीन लेखांत नव्हता. मुलीनं पेन्सिलीनं समासात बारीक टिंबं देऊन ठेवली आहेत. ती मोजते आहे.

वडिलांनी माफी मागितली नाही. आमच्याकडे बाप मागत नाहीत. यवतमाळला कापसाच्या कामानं गेले होते, येताना राजदूतचा नवा प्लग घेऊन आले आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवला.

शेवटच्या भेटीला भाऊबहीण दोघंच आले, एसटीनं. गाडी झाली का चालू, मी विचारलं.

"नाही नं. हे म्हनते कॉइल गेली."

"गेलीच हाय," बहीण म्हणाली.

त्यानं पॅन्ट वर करून नडगी दाखवली. किक उलटी बसून हिरवीनिळी झाली होती. तेव्हा काय म्हणालास रे, मी विचारलं. त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं.

"च्यायला म्हटलं, मॅडम."

"तेवढं चालते," ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून त्याला उठवून घेऊन गेली.