खाडा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी

‘व्यायाम सुरू करते, पण टिकत नाही.’ झोप, रक्तदाब, चिडचिड, काळजी, कशासाठीही कुणी माझ्याकडे समुपदेशनाला आलं तरी दोन-तीन भेटींत हे वाक्य निघतंच. पाठोपाठ निदानही तयार असतं: ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही.’ मला ते पटत नाही. वर्षभरात चार-पाच वेळा नव्याने सुरुवात करणाऱ्या माणसाकडे इच्छाशक्ती असतेच. ‘व्यायाम का सुटला?’ असं विचारलं की हाती फक्त अपराधीपणा लागतो. म्हणून मी विचारते, ‘कोणत्या दिवशी सुटला?’

चाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). काम बैठं. रक्तदाब वाढू लागल्याने डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. त्यांनी ठरवलं होतं: सातही दिवस ४५ मिनिटं झपाझप चालायचं, १०,००० पावलं झालीच पाहिजेत. तीन आठवडे उत्तम जायचे, मग ये रे माझ्या मागल्या.

“मागच्या वेळी नेमकं काय झालं?”

“मंगळवारी कामावरून यायला उशीर झाला. नाही जमलं.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी वेळ होता. पण वाटलं, आठवडा गेलाच आहे, आता सोमवारपासून नीट सुरू करू.”

“सोमवारी किती चाललात?”

“दीड तास. बुडालेलं भरून काढायचं होतं.”

“मंगळवारी?”

“पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरवेना.”

पुढच्या भेटींत आम्ही आधीचे सगळे प्रयत्न कागदावर मांडले. क्रम प्रत्येक वेळी तोच. एक खाडा, मग काही दिवस काहीच नाही, मग दुप्पट व्यायाम, मग दुखणं आणि कायमचा विराम. एकही प्रयत्न पहिल्या खाड्याने मोडलेला नव्हता.

“ही भरपाई तुम्ही कोणाला देत होतात?” मी विचारलं.

बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोणालाच नाही. मी स्वतःला शिक्षा करत होते.” आणि थोड्या वेळाने, “मला व्यायामाचा कंटाळा नव्हताच. त्या सोमवारचा धाक होता.”

हे त्यांचं त्यांनाच सापडलं, म्हणून ते टिकलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, इतकंच. माझ्या कामाचा पायाच हा आहे: त्रास घटनेतून थोडा होतो, घटनेवर आपण लादलेल्या हट्टी नियमातून जास्त. ‘एकही दिवस चुकता कामा नये’ हा तो नियम. ‘रोज जमलं तर मला आवडेल’ असं म्हणणाऱ्याला बुधवारी बाहेर पडता येतं. ‘जमलंच पाहिजे’ म्हणणारा मंगळवारीच हरलेला असतो.

शरीर सावकारासारखी थकबाकी लिहून ठेवत नाही. दोन-तीन दिवसांच्या खंडाने दम कमी होत नाही. तो घसरू लागतो काही आठवड्यांच्या खंडाने, आणि ताकद त्याहूनही सावकाश. उलट अचानक दुप्पट केलेल्या श्रमाने स्नायू दुखतात आणि ते दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. म्हणजे सोमवारची भरपाई मंगळवार-बुधवार खाते.

१०,००० हा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याचा हिशेब करते: प्रौढांनी १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. सलग १० मिनिटांची जुनी अट त्यात उरलेली नाही, पाच मिनिटंही धरली जातात. सवय जडण्यावर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

मग नियम नव्याने लिहिला. आठवड्यात पाच दिवस ३० मिनिटं चालणं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. वाईट दिवसासाठी पाच मिनिटांचा पर्याय आधीच ठरवला: खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून १० दंड, उरलेला वेळ जागच्या जागी चालणं. उठताना श्वास सोडायचा. श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब त्या क्षणी चढतो. पर्यायाचा दिवसही कॅलेंडरवर पूर्ण खूण मिळवतो. यावर त्या अडून बसल्या होत्या, अर्धीच खूण हवी म्हणत होत्या. मी सोडलं नाही, कारण जुना नियम तिथूनच परत शिरतो.

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच किंवा कमी करायचं, जास्त कधीच नाही. आठवडाभर खंड पडला तर निम्म्या वेळेपासून सुरुवात. अंगात ताप असताना व्यायाम नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी वेळ, मग वेग. दम लवकर वाढतो, पण सांध्यांजवळचे स्नायुबंध मागे राहतात, म्हणून उत्साहाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाच आणि गुडघा कुरकुरतो. दोन्ही पायांत पसरलेला बोथट ठणका चालेल. एकाच जागी टोचणारी कळ किंवा सूज आली तर थांबायचं. छातीत दडपण, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यायची.

काही महिन्यांनी त्यांना ताप आला आणि आठ दिवस व्यायाम बुडाला. पुढच्या भेटीत म्हणाल्या, “ताप उतरून दोन दिवस गेले आणि गुरुवारीच निघाले. पंधरा मिनिटं. आता वेग वाढवू का?”

“आधी ३० मिनिटांवर परत या. तिथे दोन आठवडे रमलात की मधूनमधून एक मिनिट जोरात, दोन मिनिटं नेहमीच्या वेगाने. अशा पाच फेऱ्या, तेही आठवड्यात एकच दिवस.”